चंद्रलोक लॉज, बोरामणीच्या अलीकडं

रेस्ट हाउस मंत्र्यांच्या दौऱ्यात गेलं.
शिपाई म्हणाला, मॅडम, चंद्रलोकला जावा की,
एका रात्रीचा तर प्रश्न.
दोन कारखान्यांचे वजनकाटे तपासून
मी पोचले तेव्हा फाल्गुनातली भिंत
हात लावू देत नव्हती,
आणि गच्चीवर सिमेंटचं एक रॉकेट
शेपटीवर उभं होतं
पोटात पाण्याची टाकी घेऊन.

'एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरला,
वडलांनी त्याच महिन्यात पाया खणला,'
मल्लेशम मेरगू म्हणाले, विचारलं नसताना.
'सहा माग विकून.'
धोटे मात्र विकले नव्हते.
प्रत्येक किल्लीला एकेक बांधलेला,
लाकडी, टोकाला लोखंडी, हाताळून तेलकट,
कुणी चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून.

खोल्यांना नंबर नाहीत, तिथी आहेत.
मला अष्टमी मिळाली.
अमावास्या कुणी घेत नसे,
तिथं आता जुन्या गाद्या ठेवतात.

रजिस्टरात रकाने:
कुठून आलात. कुठं जाणार. कशासाठी.
पहिले दोन भरले.
तिसऱ्यात 'सरकारी काम' लिहायचं, बस.
पण पेन तसंच राहिलं हातात.
त्यांनी वही आपल्याकडं वळवली
आणि लिहिलं, झोपायला.

खिडकी अर्धगोल, अष्टमीला शोभेल अशी.
पलंगावर चादर, तिच्यावर मोर,
एका बाजूनं तांबडा,
उलटी केली की तोच मोर काळा.
भिंतीवर अकरा बटणं.
दहा दाबून झाली, पंखासुद्धा हलला नाही.
अकरावं दाबलं
तर पलीकडून खोकला आला:
'अक्का, ह्यो माझा लागला की दिवा.'

वायरमननं अष्टमी आणि नवमी
कधीतरी एकमेकींत गुंतवून ठेवल्या होत्या.
माझा दिवा त्याच्या भिंतीवर,
त्याचा माझ्या.
ठरलं असं, की झोप आली की ठोकायचं.
मी दहाला ठोकलं.
माझा अंधार त्यानं लगेच दिला.
त्यानं ठोकलं नाही.

दाराच्या फटीतून त्याचा उजेड
माझ्या चपलांपर्यंत येत राहिला,
आणि आवाज. काहीतरी मोजत होता.
ओंदु, एरडु, मूरु.
माझं कानडी दहापर्यंतच,
पुढचं नुसतं ऐकू यायचं,
मग थोडं थांबणं,
मग पुन्हा ओंदु.
नोटा नव्हेत, नोटांचा आवाज मला कळतो.
गोळ्या? दिवस?
दर वेळी बेरीज जमत नसावी
असं ते थांबणं होतं.

बटणावर हात ठेवून मी बसून राहिले.
सरकारनं मला बरंच काही
बंद करायचा अधिकार दिलाय.
हे एक बटण मी त्याच्या ठोक्याशिवाय
दाबू शकत नव्हते.

दोनच्या सुमाराला ठोका आला. एकच.
मी दिवा घालवला.
अंधारात तो पुन्हा मोजायला लागला,
जरा हळू.

सकाळी नवमी उघडी, केर काढलेली.
तिचा धोटा काउंटरवर.
रजिस्टरात माझ्या वरच्या ओळीत त्याचं नाव,
शाईवर पाणी सांडलेलं,
गाव वाचता येईना. कशासाठी?
त्याच अक्षरात, झोपायला.
त्याच्या वर दोन टिंबं,
त्याच्याही वर दोन टिंबं,
पानभर.

ओट्यावर वजनाचं जुनं यंत्र, लाल निळे दिवे.
रुपया टाकला, चक्र फिरलं, तिकीट पडलं:
सत्तावन्न.
मी एकसष्ट आहे. ते मला माहीत असणं
हाच माझा पगार.
'चार किलो कमी दाखवतंय,' मेरगू चहा ओतत म्हणाले,
'माझं लग्न झाल्यापासून. तक्रार नाही कुणाची.'

जीपमध्ये पितळी वजनं होती, शिक्का होता,
चिमटा होता, सिकंदर हॉर्न वाजवत होता.
मी आणखी एक रुपया टाकला.
सत्तावन्न.
आणखी एक.
सत्तावन्न.

काटा चुकत होता, पण डगमगत नव्हता.
असा काटा
कारखान्यावर मला काल सापडला नाही.