चूकभूल द्यावी घ्यावी

उदगीरला, आमच्या तीस खाटांच्या दवाखान्यात
योजनेचे साहेब आले. मान्यता संपत आली होती.
टेबलावर फायली, फायलींवर काजूची बशी,
तिला कुणी हात लावला नाही.

रकाना : भूलतज्ज्ञ.
डॉ. निटूरकर, एम. डी., लातूर.
नोंदणी क्रमांक, शिक्का, सही. बरोबर.
मंगळवारी आणि शुक्रवारी येतात,
बाकीचे वार फोनवर.
हे फायलीत नव्हतं.

"आणि तुम्ही?"
मी माझा कागद काढला,
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून, मोर छापलेल्या.
मिशनच्या शाळेचा. भूल-परिचारिका, दीड वर्ष, सन एक्क्याण्णव.
खाली एलिशाबाई उजगरेंची सही, निळ्या शाईची.
ती शाळा मोडली. तिथं आता मंगल कार्यालय आहे,
ऑपरेशनच्या जागी नवरीची खोली.

साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, पाचशेची नोट धरतात तसा.
"ही पदवी आपल्या यादीतच नाही, सिस्टर."
आवाज वाईट नव्हता.
मला 'इतर कर्मचारी'त लिहिलं,
वॉर्डबॉय गफूर आणि जनरेटर बघणारा मन्मथ यांच्या मधे.

राग आला नाही. खरंच.
रकाना असावाच.
तो नव्हता तेव्हाचा एक शनिवार मी पाहिलाय :
देवणीकडची आठ वर्षांची पोर, घशाच्या गाठी,
आणि कुणीतरी अंदाजानं धरलेली सुई.
आई बाहेर तिचा फ्रॉक घडी करत बसलेली.
दिवे लागेपर्यंत ती तोच फ्रॉक घडी करत होती.

यादीत न बसणारं मला एवढंच येतं :
माणूस कोणत्या आकड्यावर सुटतो.
दहापासून उलटं मोजा, म्हणते मी.
कुणी कानडीत निघतं, हत्तू, ओंबत्तू, एंटू,
चौबाऱ्याचे मामू उर्दूत सुरू होऊन
सातवर मराठीत येतात.
ज्यांना उलटं येत नाही
त्या बाया लेकरांची नावं घेतात, थोरल्यापासून,
आणि कधी एखादं नाव जास्तीचं निघतं,
घरात कुणाला ठाऊक नसलेलं.
ते मी कुठंच लिहीत नाही.

त्याच दिवशी वीटभट्टीवरची कोंडाबाई आली होती.
केशरी कार्ड, पित्ताचे खडे.
आरोग्यमित्रानं तिचा अंगठा यंत्रावर दाबला. टीं.
पुसून दाबला. टीं.
विटांनी रेघा खाल्लेल्या.
मग साहेब म्हणाले, कर्मचाऱ्यांचीही पडताळणी करून टाका,
आणि मी माझा अंगठा ठेवला,
बत्तीस वर्षं ब्रशनं घासलेला, स्पिरिटमधे बुडालेला.
टीं.

बाकावर ती सरकली, मला जागा दिली.
"तुमचा बी उटना का?"
"नाही उठत."
"मंग तुमी बी भट्टीवरच्याच की."

तिचा डोळा यंत्रानं ओळखला, माझा उद्यावर गेला.

शुक्रवारी निटूरकर आले. दुधासारखं औषध त्यांच्या हातात,
मास्क माझ्या हातात.
दहापासून उलटं मोजा, कोंडाबाई.
"उलटं कोन मोजतंय? भट्टीवर सुलटंच मोजत्यात.
येक. दोन. तीन.
सिस्टर, झोप येलाली ओ.
च्यार."
पाच अर्धाच राहिला.

टिपण माझ्या अक्षरात, सही त्यांची. तसं पोर्टलवर चढलं.
मंजूर झालं.
जाताना तिला बिल दिलं, शून्य रुपयांचं,
तळाला छापलेलं : चूकभूल द्यावी घ्यावी.
तिनं ते नातवाकडून दोनदा वाचून घेतलं
आणि विचारलं, भूल तर घेतली,
आता द्यायची कुनाला?

माझी एक वही आहे, फायलीत न लागणारी.
रात्री तिच्यात ओळ टाकली :
कोंडाबाई. सुलट. पाच, अर्धा.