शेरा

यादी भाग एकशे त्रेचाळीस.
सहाशे बारा, यमगर धुळा बिरा.
सहाशे तेरा, यमगर लोचना धुळा.
तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप.
कुलपाच्या भोकात कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं.
तिचा पत्ता पक्का.

अंगणवाडीची पातेली घासून झाली की
मी निघते, पिशवीत फॉर्म, डोक्यावर आटपाडीचं ऊन.
पर्यवेक्षक म्हणतात, बाई, तीनच तर शेरे आहेत:
गैरहजर, स्थलांतरित, मयत.
एक लिहा, सात नंबरचा फॉर्म भरा, मोकळ्या व्हा.

पुस्तिकेत एक शब्द आहे: सामान्यतः निवासी.
तो घेऊन मी फोन लावला.
आधी मेंढरं बोलली, मग वारा,
मग धुळा.
दाजी, तुम्ही सामान्यतः कुठं राहता?
बराच वेळ नुसती घंटा वाजत राहिली, कुठल्यातरी बकऱ्याच्या गळ्यातली.
‘आज कडेगावच्या अलीकडं. एकाच्या रानात वाघर ठोकलीया.
उद्याचं त्याला इचारा, ज्याला खत पायजे.’

चौकातल्या बंगल्यालाही वर्षभर कुलूप असतं.
मालक पिंपरीला.
मतदानादिवशी दोन गाड्या येतात, सगळे उतरतात,
चहा पितात, बोटं वर करून फोटो काढतात,
दुपारपर्यंत धुरळासुद्धा खाली बसलेला असतो.
त्यांच्या नावापुढं काही लिहा,
असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि माझं नाव?
लग्नाच्या साली दिघंचीच्या यादीतून निघालं,
इथल्या यादीत यायला दोन निवडणुका गेल्या.
मधल्या वर्षांत मी
भाकरी तर रोज थापत होते,
म्हणजे कुठंतरी राहत असणारच.

रात्री जेवणं उरकल्यावर पुस्तिका पुन्हा काढली.
बारीक अक्षरात, पानाच्या पार तळाला:
तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं राहणं संपत नाही.
दोनदा वाचलं. मग नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं.
तो म्हणाला, बरं.
आणि कूस बदलली.
सात नंबर मी फाडला नाही, सरकारी कागद.
कोराच पिशवीत परत ठेवला.

मतदानाला लोचना आली, एकटी.
विट्यापर्यंत रात्रीची यष्टी, पुढं दुधाचा टेम्पो.
पदराला लोकरीचा वास, पायात धुळ्याच्याच वहाणा.
आणि दाजी?
‘मेंढरं काय कलेक्टर बघणार हाय?
गेल्या टायमाला ते आलते. औंदा माजी पाळी.’

शाईचा ब्रश बोटावर येताच तिनं हात मागं घेतला.
‘सायेब, कोकराला बोट चोखवावं लागतंय.
बाधल का?’
साहेबांच्या प्रशिक्षणात हे नव्हतं.
त्यांनी बाटली उलटसुलट करून बघितली,
म्हणाले, दुसऱ्या हाताचं चोखवा.
आत जाताजाता ती वळली: ‘त्यांचं बी मीच दाबू?’
नाही म्हणाले. बरोबरच म्हणाले.

बाहेर चिंचेखाली तिला पाणी दिलं.
सांगितलं, दिल्लीत म्हणे कायदा बदलायचं चाललंय,
जिथं असाल तिथून मत देता येईल.
तिनं तांब्या पालथा घातला.
‘आमी कुठं असतो,
ते त्यास्नी ठावं हाय का?’

टेम्पो हॉर्न देत होता. ती गेली.

संध्याकाळी माझ्या प्रतीत सहाशे तेरापुढं खूण केली.
सहाशे बारा कोरं.
धुळा गैरहजर नाही, स्थलांतरित नाही,
मयत तर मुळीच नाही, दुपारीच फोनवर ओरडत होता
ती पोचली का म्हणून.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं:
मेंढरांजवळ.

असा शेरा नसतो, हे उद्या कुणीतरी सांगेल.
खोडरबर त्यांच्याकडं आहे.
मी जरा दाबून लिहिलंय.