भरीत

जुईने नाव ठेवलं तेव्हा तो आठ आण्याएवढा होता,
काळा, आणि अंगावर ठिकठिकाणी विस्तव.
पऱ्हाट्यांवर वांगं अर्धं भाजलं की दिसतं, तसा.
म्हणून भरीत.
दुकानात त्याला ऑस्कर म्हणत होते.
जोडी घेतली होती, शंभर रुपयांना.
दुसरा महिन्याभरात दिसेनासा झाला.
घरात त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुकानदार म्हणाला होता,
मासा भांड्याएवढाच वाढतो, साहेब.
मी ते दीड वर्ष मानलं.
आम्ही तिघंही क्वार्टरएवढेच वाढलो होतो.

मग एका रविवारी जुईने शाळेची पट्टी काचेला लावली.
तो नेमका जवळ आला, थांबला,
शिंप्यासमोर उभं राहावं तसा.
अकरा इंच, पप्पा. आणि टाकी पुढून मागे बारा.
एवढंच बोलली आणि वही काढून बसली.

त्यानंतर मला दिसायला लागलं.
वळायचं असलं की तो आधी थांबायचा,
अंगाची घडी घालायचा,
शेपूट काचेवरून फरफटत न्यायचा
आणि पुन्हा समोर उभा, माझ्याकडे बघत,
काही झालंच नाही अशा तोंडाने.

मे महिना. भुसावळ.
पत्रा सोडा, भिंतसुद्धा हात लावू देत नाही.
दुपारी बाटलीत बर्फ करून पाण्यात सोडायचो,
तो तिला ढुशा द्यायचा.
रात्री वीज गेली की पंप बंद.
मग तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून
वीतभर वरून पुन्हा टाकीत,
दोनला, अडीचला, डोळे मिटलेले,
पाण्यात हवा जावी म्हणून.
यार्डात कुठलीशी मालगाडी डबे आपटत असायची.
माझा हात थांबला की तो वर यायचा.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सावद्याला हिरामण फिरक्यांचं केळी पिकवायचं गोदाम,
ऑफिसात सहा फुटी टाकी, वर्षभर रिकामी.
घेऊन या म्हणाले.
पहाटे चारला निघालो, ऊन उठायच्या आत.
डिस्टेंपरची बादली, झाकणाला भोकं,
बायकोच्या जुन्या ओढणीने सीटला बांधलेली.
जुई उठली नाही.
किंवा उठली नाही असं तिने दाखवलं.

तापीच्या पुलावर झाकण उघडून पाहिलं.
फिरायला निघालेले एक आजोबा थांबले,
बादलीत डोकावले, म्हणाले,
सोडी द्या नदीत, पुन्य लागीन.
खाली पाणी होतं, पुष्कळ,
कसल्याच काचेशिवाय.
मी बादलीचा कान धरला.
पण ती नदी त्याची नाही.
तिथली पिल्लं हा गिळत सुटेल,
नाहीतर पौषातल्या एखाद्या रात्री उताणा होईल,
आणि पुण्य माझ्या खात्यावर.
झाकण लावलं.
आजोबा बराच वेळ मान हलवत उभे होते, आरशात दिसले.

फिरक्यांना मी सगळं सांगायला घेतलं.
गोळ्या किती, पाणी कितव्या दिवशी,
गांडुळं दिलीत तर धुऊन,
आणि वीज गेली की तांब्या...
ते म्हणाले, कायजी नका करू भाऊ, जनरेटर आहे.
तांब्याची गोष्ट तिथेच संपली.

सोडल्यावर तो तळाला गेला, फिका पडला.
मग निघाला, आणि दोन फुटांवर थांबला,
अंगाची घडी घातली, वळला.
परत दोन फूट. थांबला. घडी.
तिथे काहीच नव्हतं.
माझा चहा गार झाला, दुसरा आला,
बाहेर ट्रकमध्ये घड चढत होते, कुणीतरी मोजत होतं,
एकोणचाळीस, चाळीस,
आणि कधीतरी
तो थांबायला विसरला.

येताना त्यांनी बादलीत केळी भरून दिली, नको नको म्हणताना.
जुई दारातच.
निघताना ओळखलं का त्याने तुला?
म्हटलं, पाठ होती त्याची माझ्याकडे.
मग बरं झालं, म्हणाली,
एक केळं सोललं, नाकाशी नेलं,
माशाचा वास येतोय, म्हणाली,
आणि खाल्लं.