रिकाम्या गाडीचा वेग

मे महिन्यात येतात, मग पुन्हा सप्टेंबरात,
दोन-दोन, शेपटाला शेपूट जोडून.
एक ओढतो, दुसरा उलटा फरफटत उडतो.
इकडे दक्षिण अलाबामात त्यांना लव्हबग म्हणतात.
मी काहीच म्हणत नाही. माझ्या हातात बादली असते.

मिसेस डेलफीनच्या फ्यूनरल होमची शववाहिनी
गेली एकवीस वर्षं मी धुतो. ही तिसरी गाडी.
काळी, लांब, बाजूला चंदेरी पट्टी.
काळ्यावर सगळं दिसतं :
बोटं, परागकण, पास्टरच्या रुमालाची सुतं.
पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या,
"लोकांना पेटीकडे बघवत नाही, लेमुएल,
म्हणून ते बंपरकडे बघतात."

आज दोन आहेत.
अकराचे डीकन प्रूएट पोचवून झाले.
चारला अर्लीन, शाळेची पिवळी बस चालवायची ती.
म्हणजे बसमधली सगळी पोरं येणार,
आणि पोरांची उंची बंपरएवढीच.

जॅव्हिअन नवा आहे. कोरडं फडकं घेऊन निघाला.
थांब, म्हटलं.
कोरडं घासलंस तर त्यांच्याच पायांनी
रंगावर रेघोट्या ओढशील.
आधी भिजव. गरम पाण्यातून टॉवेल पिळ
आणि गाडीच्या नाकावर ठेव,
ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.
आता दहा मिनिटं काही करू नकोस.
हेच कुणाला जमत नाही.

मग ड्रायरमध्ये टाकायचा तो सुगंधी कागद,
ओला करून, हलक्या हातानं, वरून खाली.
गोल गोल नाही.
आणि उद्यावर तर कधीच नाही.
उन्हात त्यांचं पोट शिजतं, आंबतं,
क्लिअर कोट खात आत उतरतं.
किडा निघतो, त्याचा आकार राहतो.
किडा मेल्याचं दुःख नाही, पोरा,
पण डाग सोकावतो.

त्यानं डाव्या दिव्याखाली बोट ठेवलं.
तांदळाच्या दाण्याएवढं, फिकट,
एकाला एक चिकटलेलं.
"हा कधीचा?"
जुना, म्हटलं.
त्या आठवड्यात मी गाडी धुतली नव्हती.
त्यानं पुढे विचारलं नाही. चांगला पोरगा आहे.

पण टॉवेल पिळता पिळता म्हणाला,
"ही गाडी तर इतकी हळू जाते, लेमुएल.
मग मरतात कसे एवढे?"

मी मेणाचा डबा उघडला. उघडाच ठेवला.

जाताना वीस मैलांनी जातो आपण.
दिवे लावलेले, मागे गाड्यांची रांग,
समोरून येणारा ट्रकसुद्धा कडेला थांबतो,
ड्रायव्हर टोपी काढून मांडीवर ठेवतो.
तेव्हा ते काचेवर नुसते उतरतात,
चार पावलं चालतात जोडीनं,
आणि जातात. एकही मरत नाही.

मरतात ते येताना.
मागे पेटीचे रूळ खडखडत असतात रिकामे,
डब्यात कोंबडी गार होत असते,
रेडिओवर मॅचचा स्कोअर,
आणि माझा पाय सत्तरवर.

मेण लावलं. दोन हात. तिसराही लावला.
चारला पोरं आली, ओळीनं, बसची ओळ धरून.
एका मुलीनं बंपरमध्ये आपले दात बघितले,
वरचा एक पडलेला.
जिभेनं ती जागा चाचपली
आणि मग रडायला लागली.

परतताना जॅव्हिअन शेजारी बसला होता.
बोलला नाही, फक्त काट्याकडे बघत होता.
मी पस्तीसवर आलो.
मागच्यानं हॉर्न दिला, मग ओलांडून गेला,
जाताना काहीतरी ओरडला.
ऊन तिरपं झालं होतं, पाइनच्या फटीफटीतून.

तरी एक जोडी आलीच काचेवर.
वायपर लावू नकोस, म्हणाला तो. पसरतं.

घरी आल्यावर आधी टॉवेल भिजत घातला.
जेवण नंतर.