सहासष्ट, एकशे एकवीस

मे महिन्याच्या भर दुपारी बिऱ्हाम तडवी
चादरीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून
दुकानाची पायरी चढले.
मला वाटलं, मोडीतलं भांडं.
गाठ सोडली तर रेकॉर्डचं मशीन,
आणि खिशात, गोळ्यांच्या डबीत, कापसावर
नवी सुई.

"हिरा हाये. म्हणून तुह्याकडे आलो."
भिंग लावलं. खरंच हिरा.
तीस वर्षांत माझ्या गादीवर आलेला सगळ्यात लहान.
आमच्याकडे हिरा मिरवायला बसतो,
हा झिजायला बसणार होता.

पंखा बंद केला. सुईला वारा चालत नाही.
मशीन एका अंगाला कललेलं,
त्या पायाखाली चार आण्यांचं नाणं सरकवलं.
चार तारा, केसाहून जराशा जाड:
पांढरी, तांबडी, निळी, हिरवी.
त्यांच्या हाताला कंप, म्हणून चिमटा माझा.
हिरवी दोनदा निसटली.

मग त्यांनी नातवानं छापून दिलेला कागद पसरला.
मधोमध भोक, एक कमान, दोन बिंदू,
बिंदूंभोवती रेघांची जाळी.
"सुई टिंबावर, डबी रेघेबरोबर सरळ.
हाटी बी, आन् तठी बी.
एकीकडे जमलं आन् दुसरीकडे नाही,
तं पुन्हा पहिल्यापासून."

पाच वाजेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून.
स्क्रू ढिला, सुई पुढे, केसभर पिळा, स्क्रू घट्ट,
आणि घट्ट करतानाच ती जागा सोडणार.
घामाचा थेंब पडला तोही नेमका दुसऱ्या बिंदूवर.

पुसता पुसता सवयीनं पट्टी लावली.
कागदावर लिहिलेलं: ही रेघ शंभर मिलिमीटर.
पट्टीवर सत्त्याण्णव.
पोरानं पानात मावावं म्हणून आकसून छापलं होतं.
"शंभराला तीन घट," मी म्हणालो,
"सोन्यात एवढी धरली तर गिऱ्हाईक दारात बसेल."
तडवी हसले नाहीत.
चादरीचा कोपरा बोटांत घोळवत राहिले.

तेव्हा मी पितळेचा पत्रा घेतला.
भोक पाडलं, मशीनच्या खुंटीत बसेल एवढं,
आणि ज्या कलमानं वाटीवर नाव कोरतो
त्याच कलमानं मोजून कोरलं:
केंद्रापासून सहासष्ट मिलिमीटरवर एक बिंदू,
एकशे एकविसावर दुसरा.

"आणि मधे?"
"मधे वाकडीच चालते. थोडी.
हात एका जागी खिळलेला, तबकडी गोल.
सरळ फकत दोन ठिकानी."
फैजपूरच्या बसची वेळ सांगावी
तसं सांगितलं.

साडेसातला जमलं. दोन्हीकडे.
माझ्या काट्यावर सुई टेकवून भार बघितला,
पावणेदोन ग्रॅम.
एवढ्यात बारशाची एक अंगठी होते, तीही पोकळ.

मग ते बोलले.
सतरा वर्षं लग्नांत भोंगा लावला,
साकळी, किनगाव, डांभुर्णी,
आणि कुठल्याही तबकडीचं शेवटचं गाणं
कधी वाजवलं नाही.
"आत जाता जाता स फाटे, श फाटे.
म्हणून मी आंधीच हात उचलून घ्यायचो.
लोकायले वाटे, एवढीच असते."

पहिली गाणी लावलीच नाहीत.
थेट आत, लेबलाच्या जवळ, सुई ठेवली.
सराफ गल्लीत शटरं पडत होती,
त्यांनी तळहात वर केला,
शटरांनाही थांबवावं तसा.
स आला. पुढच्याच ओळीत आणखी एक.

मला, खरं सांगतो, फरक कळला नाही.
गाणं संपलं,
सुई लेबलाशी टकटकत राहिली,
आणि हात उचलायला
ते उठेनात.