ऊनवाटप कार्यालय, शिवडी

मी खालच्या चाळीस मजल्यांचा हिशेबनीस.
वरच्यांना हिशेब लागत नाही, त्यांच्याकडे आकाश आहे.
आमच्याकडे आरसे:
भायखळ्याच्या मनोऱ्यावरून एक तिरीप निघते,
माझगावला वळते, कॉटन ग्रीनला तिचे दोन तुकडे होतात,
आणि शिवडीत पोचेपर्यंत
उन्हाचं ताक झालेलं असतं.

तरी माणशी नऊ मिनिटं.
कायद्यात तसं लिहिलंय, आणि बहुतेक दिवशी ती मिळतातही.
बाळंतिणीला चौदा. मुडदूस झालेल्या पोराला वीस.
मयताला तीन, चेहऱ्यावर.
हे कलम कोणी घातलं ते फायलीत सापडत नाही,
काढायचं धाडसही कोणी केलेलं नाही.

मिनिटं विकता येत नाहीत. विकली जातात.
लग्नसराईत कुणाच्या तरी एका दुपारपायी
अख्खा मजला आठवडाभर अंधारात बसतो
आणि वर त्याच वरातीत नाचायला जातो.
बाविसाव्या मजल्यावरची पोरं
आयांच्या स्टीलच्या ताटल्या घेऊन कठड्याशी उभी राहतात.
एकानं झेलायचं, खालच्याकडे टाकायचं,
खालच्यानं त्याच्या खालच्याकडे.
आमच्या दप्तरी याला चोरी म्हणतात.
पोरं काही म्हणत नाहीत, डोळे बारीक करून हसतात.

परवा चांगुणा वैती आली.
तळमजल्याच्याही खालची; म्हणजे जिथे भरतीच्या वेळी
जिन्याच्या सहा पायऱ्या समुद्राच्या नावावर होतात.
ओली टोपली तिनं थेट माझ्या रजिस्टरवर ठेवली.
"बोंबील सुकवाचे हान. किती मिन्टा देशील?"

मी अर्ज काढला. प्रयोजनाचा रकाना:
त्वचा, हाडं, तुळस, लोणचं, शोक, वाळवण.
वाळवणापुढे बारीक अक्षरांत: फक्त धान्याचं.
"मासळी यात बसत नाही," मी म्हटलं.
"बसवाला कोन सांगतंय? टांगाची हाय."

मुकादम शेजारच्या टेबलावर इतका हसला
की त्याचा शिक्का दोनदा उमटला.

बोंबलाला तीन दिवस कडक ऊन लागतं.
रोजच्या नऊ मिनिटांनी
एकशेसाठ दिवस.
मी खरंच भागाकार केला, ती बघत उभी होती,
टोपलीतलं पाणी माझ्या शाईत मिसळत होतं.

मग मला गळतीचा रकाना आठवला.
रोज सगळं वाटून झाल्यावर
काही ऊन हिशेबात येत नाही.
धुरकट काचांवर, कबुतरांच्या पाठींवर,
आरसे पुसणाऱ्यांच्या खांद्यांवर सांडलेलं.
अकरा टक्के. वर्षानुवर्षं अकराच.
लेखापरीक्षकालाही तो आकडा पाठ आहे.

वडाळ्याचा आठ नंबरचा आरसा
मी दीड अंशानं कलता केला.
लिहिलं: गळती.

जुन्या जेट्टीवर चांगुणानं वलांडी बांधली.
दुसऱ्या दिवशी वास चढायला लागला.
दहावा, चाळिसावा, नव्वदावा मजला,
आणि मग तिथे, जिथे आकाश आहे.
दोनशे बारा तक्रारी आल्या.
सगळ्या मी एकेक करून, सुवाच्य अक्षरात परत पाठवल्या:
वास हा विषय या खात्याकडे नाही.

एक कागद मात्र ठेवून घेतलाय.
मजला एकशे अठरा. बायजा तांडेल, वय एक्याण्णव.
तक्रार नाही. विचारलंय फक्त,
हा वास कुठून येतो ते कळवावे,
आणि खाली उतरायला कुठला परवाना लागतो.
प्रयोजनाचा रकाना कोरा.

तसा परवाना आमच्याकडे नाही. वर जायचेच आहेत,
सतरा प्रकारचे.

मुकादमला विचारलं.
त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली,
अर्धा सुका बोंबील तोडून माझ्यापुढे सरकवला,
आणि चावत चावत म्हणाला,
आरसा राहू दे तसाच. तिचं उद्या बघू.