चालीवरून

मल्लेश धोत्रेला अक्षरं येत होती.
सगळी. सुटी.
क विचारा, क. ण विचारा, ण.
पण 'आणि' वाचताना णिपर्यंत पोचेतोवर
त्याच्या हातून आ सांडलेला असायचा
आणि तो माझ्याकडे बघायचा
बस चुकलेल्या माणसासारखा.

चौथीतला. तुर्भे स्टोअरच्या शाळेत, मागच्या खिडकीपाशी,
जिथून मसाला मार्केटची मिरची वर्गात येते
आणि कवितेच्या तासाला चाळीस शिंका.

मोठ्या बाई म्हणाल्या, बाराखडी पुन्हा घ्या.
घेतली. तीनदा.
मग फळबाजारातून आंब्याची रिकामी खोकी आणली,
पुठ्ठे कापले, जाड मार्करनं लिहिलं:
आहे. नाही. मी. तो. आणि. होता. होती. पण.
परकर पोलका नाही, गवत नाही, गलबत नाही,
ज्यांच्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही तेवढे आठ.
'नाही'ला आंब्याचा वास सगळ्यांत जास्त यायचा.

"जोडू नकोस," म्हटलं, "नुसतं बघ.
आई लांबून येते तेव्हा
तू आधी नाक, मग डोळे, मग कपाळ, असं जोडतोस का?"

तो हसला.
"बाई, आईचं तोंड बांधलेलं असतं.
गेटातून सगळ्याच तोंड बांधून निघतात, मिरचीमुळं.
मी चालीवरून ओळखतो."

सात दिवसांच्या प्रशिक्षणात
हे कुणी सांगितलं नव्हतं. चहा चांगला होता.

मग आम्ही शब्दांची चाल बघत बसलो.
'नाही' दोन काठ्या टेकत येतो.
'आहे' जाताना डोक्यावरचा तुरा उडवतो.
'आणि' वेलांटीचा हात पुढं करतो, कुणाला तरी धरायला.
'होता' न् 'होती' लांबून एकच,
दिवाळीपर्यंत दोघांनी आम्हाला फसवलं.
'पण' बोडका. काना नाही, मात्रा नाही,
कुणाच्या अंगावरून गेला तरी कळू नये असा.

त्याचं चित्रही निघेना.
बकरी काढता येते, बादली काढता येते.
"पण कसा काढशील रे?" मी सहज विचारलं.
मल्लेश बराच वेळ खडूचं टोक चावत राहिला.
"शटर अर्धं खाली असतं ना, बाई. तसं."
आणि पुठ्ठ्याच्या पाठीवर काढलंही:
खाली वाकून बघणारा एक माणूस,
आत नुसते पाय.

फेब्रुवारीत त्याच्या आईची सही हवी होती,
म्हणून शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर वस्तीत गेले.
पाण्याच्या टाकीवर ताजा कागद चिकटवलेला,
खळ अजून ओली. शिक्का. बारीक टाइप.
तो धावला.
"बाई, आणि! तो बघा! अन् इथं अजून एक आणि!"
परमुलखाच्या बाजारात
गाववाला भेटावा तसा त्याचा चेहरा.
'नाही' एकदा सापडला, खालून दुसऱ्या ओळीत.
'पण'साठी त्यानं बोट वरून खालपर्यंत फिरवलं,
परत खालून वर.
"यात पण नाहीच, बाई."

परंतुही नव्हता. मी पाहिलं होतं.

"मधलं तुम्ही वाचा ना."

मधलं, म्हणजे त्याच्या गल्लीचं नाव,
एक तारीख, आणि किती दिवसांच्या आत.
मला ते वाक्य टाकीच्या वळणावरूनच दिसलं होतं,
अख्खं, एका नजरेत,
तोंड बांधलेलं असूनही.

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं
आणि त्याच्यासारखी वाचू लागले,
एकेक, सुटं,
पुढच्या अक्षरापर्यंत पोचेतोवर
मागचं सांडून जाईल अशा बेतानं.